आठ वर्षांचे हिशेब आणि नाव बदललेलं सॉफ्टवेअर: निर्मला सीतारामन यांना खुलं पत्र

माननीय निर्मला सीतारामन मॅडम,

सादर नमस्कार. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्स बघतो, एकवीस वर्षं झाली. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून पुढं पाठवतो, पस्तीसेक माणसं, तीन शिफ्ट. अर्थखात्याबद्दल तुम्हाला सगळेच लिहितात, मी तुमच्याकडच्या दुसऱ्या खात्याबद्दल, म्हणजे कॉर्पोरेट अफेअर्सबद्दल लिहितोय, कारण आमच्याबरोबर जे झालं त्याचा इलाज त्या खात्याच्या एका नियमात आहे असं मला मनापासून वाटतं.

झालं असं, २०१५ ला आम्ही एक ईआरपी, म्हणजे अख्ख्या कंपनीचं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेतलं, नाव घेत नाही. परचेस, स्टोअर, जॉबवर्क चलन, बिलिंग, अकाउंट्स, सगळं एकात. पैसे एकदाच भरायचे, लायसन कायमचं, वर्षाला एएमसी, म्हणजे देखभालीचे पैसे, तेवढी द्यायची, असं डीलरनं सांगितलेलं आणि बिलावर सुद्धा 'परपेच्युअल' असंच छापलंय, ते बिल मी अजून फायलीत ठेवलंय. त्यासाठी त्या वर्षी मालकांनी नवीन मशीन घ्यायचं पुढं ढकललं होतं. मग दोन वर्षांमागं त्याच सॉफ्टवेअरचं नाव बदललं, लोगो बदलला, स्क्रीनचा रंग बदलला, आणि फेब्रुवारीत, म्हणजे इयर एंडिंगच्या तोंडावर मेल आला की जुन्या नावाचं प्रॉडक्ट बंद, जीएसटीचे पुढचे बदल त्यात येणार नाहीत, नव्या नावाच्या प्रॉडक्टला सबस्क्रिप्शन, दर महिन्याला माणशी, भरायचं मात्र वर्षाचं आगाऊ. जुन्या लायसनला मोजलेल्या पैशांचं काय विचारलं तर पहिल्या वर्षी थोडी सूट देतो म्हणाले.

दर वाढतात हे आम्हालाही कळतं, स्टील वाढतं, वीज वाढते, आम्ही पण रेट वाढवून मागतो. खरी कोंडी झाली ती माणसं मोजायची पद्धत बदलली त्यात. पूर्वी एका वेळेला कुठल्याही पाच जणांनी लॉगिन केलं तरी चालायचं. स्टोअरला कॉम्प्युटर एकच, पहिल्या शिफ्टला एक जण बसतो, दुसऱ्या शिफ्टला दुसरा, रात्री तिसरा, तिघांत मिळून एक लायसन पुरायचं. आता ज्याच्या नावानं लॉगिन त्याच्या नावानं लायसन. रात्रपाळीचा पोरगा अख्ख्या शिफ्टमध्ये चार जीआरएन, म्हणजे माल आल्याच्या नोंदी, आणि दोन चलनं करतो, त्याचेही मालकांएवढेच पैसे. पाचाचे अकरा झाले मॅडम, माणूस एकही वाढला नाही. अशा वेळी लोक काय करतात तर तिघं मिळून एकच पासवर्ड वापरतात, म्हणजे बदल कुणीही केला तरी सॉफ्टवेअरच्या नोंदीत नाव एकाचंच. आमच्या मालकांनी ते करू दिलं नाही, म्हणून रात्रीची एन्ट्री आम्ही कागदावर लिहून ठेवतो आणि सकाळी मी स्वतः चढवतो. २०१५ च्या आधी करायचो तेच.

हे एकट्या आमच्या नशिबी आलंय असं नाही. नॅव्हिजन नावाचं डेन्मार्कचं सॉफ्टवेअर होतं, मायक्रोसॉफ्टनं २००२ ला ती कंपनी घेतली, मग ते डायनॅमिक्स नॅव्ह झालं आणि २०१८ ला बिझनेस सेंट्रल. नॅव्हमध्ये एका वेळी किती जण काम करतायत ते मोजायचे, बिझनेस सेंट्रलमध्ये नावानिशी माणूस मोजतात. अमेरिकेत त्याच्या साध्या प्लॅनचा दर माणशी महिना ७० डॉलर होता तो नोव्हेंबर २०२५ पासून ८० झाला. ब्रिटनमध्ये २०२२ ला सेज ५० या अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनची कायमची लायसन घेतलेल्या लोकांना सांगितलं गेलं की सप्टेंबरनंतर ते उघडणार नाही. उलट उदाहरण आपल्याकडचंच आहे, टॅली ईआरपी ९ चं नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम झालं तेव्हा ज्यांचं टीएसएस, म्हणजे टॅलीचं अपडेटचं सबस्क्रिप्शन, चालू होतं त्यांना त्याच लायसनवर नवीन मिळालं. म्हणजे नाव बदलताना जुन्या गिऱ्हाइकाला धरून राहता येतं.

आता तुमच्या खात्याच्या नियमाकडं येतो. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे मागच्या आठ वर्षांचे हिशेब जपायचे. १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरला एडिट लॉग, म्हणजे कुठल्या एन्ट्रीत केव्हा काय बदललं त्याची नोंद, पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, चांगला नियम आहे, मी त्याच्या बाजूचा आहे, एका व्हाउचरची, म्हणजे व्यवहाराच्या नोंदीची, तारीख मागं ओढून काय काय करता येतं ते मी या धंद्यात बघितलंय. तो लॉग जपून ठेवलाय की नाही हे ऑडिटरला रिपोर्टमध्ये लिहावं लागतं. ऑगस्ट २०२२ मध्ये तुम्ही आणखी घातलंत की कॉम्प्युटरवरचे हिशेब भारतात कायम उघडता आले पाहिजेत आणि बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर पाहिजे. चुकलं तर कलम १२८ खाली कंपनीतल्या जबाबदार अधिकाऱ्यांना दंड ५० हजारापासून ५ लाखापर्यंत. हे सगळं ओझं कंपनीवर आणि तिच्या माणसांवर. ज्यानं ते सॉफ्टवेअर विकलं त्याच्यावर या नियमात एका ओळीचंही बंधन नाही. बॅकअप माझ्याकडं आहे मॅडम, रोजचा आहे, पण तो उघडायला तेच सॉफ्टवेअर लागतं आणि ते उघडायची किल्ली त्यांच्याकडं.

डीलरला म्हटलं जुना डेटा नव्यात घालून द्या. तर लेजरचे क्लोजिंग बॅलन्स, म्हणजे खात्यांची अखेरची शिल्लक, आणि पार्टी मास्टर, म्हणजे गिऱ्हाइकं-पुरवठादारांची यादी, येतील, त्याचेही वेगळे पैसे, मागच्या वर्षांची व्हाउचर येणार नाहीत आणि एडिट लॉग तर येतच नाही. मग २०२३-२४ चा जो लॉग मी जपायचा आहे तो कुठं जपू?

आमच्या ऑफिसच्या माळ्यावर दिवाणजींच्या हातच्या कीर्द-खतावण्या लाल कापडात बांधून ठेवल्यात, १९८० च्या आसपासच्या. त्या उघडायला आजवर कुणाला काही द्यावं लागलं नाही. सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीच्या केसमध्ये सांगितलं की तयार सॉफ्टवेअर म्हणजे माल आहे, त्यावर सेल्स टॅक्स लागतो. टॅक्स घेताना माल म्हटलं तर विकत घेणाऱ्याचाही त्या मालावर काहीतरी हक्क असलाच पाहिजे ना.

तेव्हा माझं मागणं एवढंच, ज्या नियमात एडिट लॉग घातलात त्याच नियमात विकणाऱ्यासाठीही लिहा. अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं नाव बदला, मॉडेल बदला, पण जुन्या लायसनवर जुनी वर्षं आठ वर्षं उघडून बघता आणि प्रिंट काढता आली पाहिजेत, नवीन एन्ट्री करू देऊ नका हवं तर. सगळी व्हाउचर एडिट लॉगसकट दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा फाइलमध्ये, फुकट, मागितल्यावर मिळाली पाहिजेत. आणि असा बदल किमान एक पूर्ण आर्थिक वर्ष आधी कळवायचा, फेब्रुवारीत मेल टाकून एप्रिलपासून लागू असं चालणार नाही. युरोपात डेटा अॅक्ट सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय, क्लाउडवरचा डेटा घेऊन दुसरीकडं जायचा हक्क त्यात दिलाय आणि जानेवारी २०२७ पासून त्यासाठी पैसेही घेता येणार नाहीत. तिथं होतं तर आपल्याकडंही होईल.

आमचा जुना सर्व्हर मी अजून चालू ठेवलाय, टेबलाखाली, त्याला वेगळा यूपीएस लावलाय. हार्डडिस्कनं एकदा दगा दिला होता तेव्हा ती बदलून झालं, कारण त्या वेळी जुन्या नावाची अॅक्टिव्हेशन की मिळत होती. आता ती देणं बंद केलंय. ऑडिटर ऑगस्टमध्ये येतात, तोपर्यंत तो मशीन मी रात्री सुद्धा बंद करत नाही.

आपला नम्र,
शिरोली एमआयडीसीतला एक अकाउंटंट
कोल्हापूर