चार डिस्क, पण बॅकअप एकाच क्षणाचा हवा

संपादक महोदय,
स. न.

दसरा उलटला की जिनिंगच्या काट्यावरचे वजन, बाजार समितीची काटापट्टी, पतसंस्थेतली उचल हे सारे आता क्लाउडवरच्या डेटाबेसात जाते. वेग मिळावा म्हणून सॉफ्टवेअरवाले तिथे चार डिस्क जोडून ‘रेड शून्य’, म्हणजे चौघींची मिळून एकच मोठी डिस्क, करतात. त्याला हरकत नाही. हरकत आहे ती एकेका डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) ओळीने घेत जाणाऱ्या स्क्रिप्टला.

रेड शून्यात मजकुराचे तुकडे, बहुधा ५१२ किलोबाइटचे, आळीपाळीने चारही डिस्कवर पडतात. रोजकीर्दीची पाने चार वह्यांत वाटून लिहावीत तसे. पहिल्या वहीची झेरॉक्स आधी आणि चौथीची दहा सेकंदांनी काढली, तर मधल्या नोंदींचा जमा एकीकडे राहतो आणि नावे दुसरीकडे. एकेकटा स्नॅपशॉट बिनचूक असतो. चारही जोडल्यावर फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवरची फायलींची मांडणी, उघडत नाही. कधी उघडतेही, आणि टेबलातले पान आतून फाटलेले निघते. हे जास्त वाईट, कारण ते लवकर कळत नाही.

डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर आधी ‘फ्लश टेबल्स विथ रीड लॉक’ ही नवे लिहिणे थांबवणारी आज्ञा द्यावी आणि ते सेशन उघडेच ठेवावे. बहुतेक स्क्रिप्ट इथेच चुकतात: आज्ञा देऊन कनेक्शन बंद होते, त्याबरोबर लॉकही सुटतो. एखादा मोठा रिपोर्ट चालू असेल तर लॉक त्याच्यासाठी थांबतो आणि मागे साऱ्या पावत्या तुंबतात, म्हणून वेळ काटा बंद असतानाची निवडावी. मग बिनलॉगची (बदलांच्या क्रमवार नोंदवहीची) जागा टिपून डेटाची तेवढीच फाइलसिस्टीम ‘एफएसफ्रीझ’ या आज्ञेने गोठवावी, रूट (खुद्द सर्व्हरची सिस्टीम असलेली) गोठवली तर सर्व्हरच अडकतो. चारही स्नॅपशॉट सुरू झाले की लगेच फ्रीझ उठवावा, मग लॉक. स्नॅपशॉट पूर्ण होईपर्यंत थांबायचे कारण नाही. त्यात काय येणार हे सुरू होतानाच ठरलेले असते.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर २०१९ पासून सर्व्हरच्या सगळ्या डिस्कचा एकाच क्षणाचा स्नॅपशॉट एका आज्ञेत घेता येतो. मायएसक्यूएलमधली इनोडीबी प्रकारची टेबले त्यातून स्वतः सावरतात. जुन्या सॉफ्टवेअरात मायआयसॅम या जुन्या, स्वतः न सावरणाऱ्या प्रकारची टेबले असतील तर लॉक हवाच.

एका वेळच्या चार स्नॅपशॉटच्या प्रत्येक संचावर एकच क्रमांक लिहावा. कालचे तीन आणि परवाचा एक अशी भेसळ झाली तरी रेडची जोडणी कुरकुर न करता होते, कारण चौघांवरची ओळखखूण तीच असते. परत उभारणी वेगळ्या सर्व्हरवर करावी. स्नॅपशॉटवरून केलेली डिस्क पहिल्या वाचनाला फार मंद चालते, कारण मजकूर क्लाउडच्या साठ्यातून मागाहून येत असतो. सगळी डिस्क एकदा वाचून काढल्याशिवाय काम सुरू करू नये. याखेरीज रोजचा डंप (टेबलांतल्या नोंदींची फाइलीत काढलेली प्रत) वेगळ्या खात्यात असावा. चुकून पुसलेले टेबल त्यातूनच सहज परत मिळते.

समित्यांच्या आणि पतसंस्थांच्या संचालकांना कळकळीची विनंती आहे. देखभालीच्या करारात दर तीन महिन्यांनी बॅकअप आपल्यासमोर उभा करून दाखवण्याची अट घाला. ‘बॅकअप यशस्वी’ हा मेसेज पुरावा धरू नका. त्या दिवसाची शेवटची काटापट्टी कपाटातून काढा आणि तिच्यावरचे क्विंटल व रक्कम पडद्यावरच्या नोंदीशी ताडून पाहा.

आपला,
एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)