मृगाआधीच्या मेळाव्यानिमित्त वहिनींचे जाहीर आभार

आदरणीय वहिनींस,
सा. न. वि. वि.

यंदाचा सर्पमित्रांचा मेळावा नेहमीप्रमाणे मृग लागण्याआधी तुमच्याच खळ्यात पार पडला आणि नेहमीप्रमाणेच बातमीत साप पकडणाऱ्यांची नावे आली, तुमचे आले नाही. तुम्हाला त्याचे काही वाटत नाही हे आम्ही जाणतो. आम्हाला मात्र वाटते, म्हणून हे आभार घरगुती न ठेवता जाहीरपणे मानण्याचे मंडळातील सर्वांनी मिळून ठरवले. नाव छापलेले तुम्हाला आवडणार नाही, म्हणून ते येथेही लिहीत नाही. सिंधुदुर्गात आपल्या भागातून ज्यांनी रात्री-अपरात्री मंडळाच्या क्रमांकावर फोन केला आहे, त्यांना हे पत्र कोणासाठी आहे ते सांगावे लागणार नाही.

घरात साप निघाला की माणूस आधी घाबरतो आणि मग काठी शोधतो. या दोहोंच्या मधल्या मिनिटभरात तुम्ही फोनवर असता. वाडी कोणती, साप पडवीत आहे की लाकडांच्या ढिगाऱ्यात, एवढे विचारून तुम्ही सांगता की एका माणसाने लांब उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी, मुलांना आणि कुत्र्याला आत घ्यावे, फिनेल किंवा रॉकेल काही ओतू नये. अंगावर पट्टे आहेत असे कोणी सांगितले, तर तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पट्टे मानेकडे ठळक आहेत की शेपटीकडे? मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठसठशीत असतात आणि मानेकडे पुसट होत जातात. निरुपद्रवी कवड्याचे नेमके उलट असते. तरीही समोरच्याला तुम्ही कधी ‘बिनविषारी आहे, घाबरू नका’ असे म्हणत नाही, कारण घाबरलेल्या माणसाने अंधारात पाहिलेल्या पट्ट्यांवर कोणाचा जीव टांगून ठेवायचा नसतो. उलट घरात जमिनीवर कोण झोपले होते, कोणाच्या पोटात दुखते आहे का, कोणाच्या पापण्या जड झाल्या आहेत का, हेही तुम्ही विचारून घेता. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा झोपलेल्याला कळतही नाही, दुखत नाही, सुजत नाही. ही गोष्ट आमच्यापैकी कित्येकांनी प्रथम तुमच्याकडूनच ऐकली.

मग तुम्ही निरोप देता तो सगळ्यात जवळ राहणाऱ्या सदस्याला. जो सगळ्यात नावाजलेला किंवा ज्याची छायाचित्रे सगळ्यात जास्त फिरतात, त्याला मुद्दाम बोलावणे तुमच्याकडून कधीच गेले नाही. ‘माझा साप’, ‘माझा भाग’ यावरून सर्पमित्रांमध्ये वितुष्ट आलेले आम्ही इतरत्र पाहिले आहे. आपल्याकडे ते आले नाही, याचे श्रेय आमच्या चांगुलपणाला देण्यापेक्षा तुमच्या या शिस्तीला देणे अधिक खरे ठरेल, असे मला मनापासून वाटते.

मेळाव्यात जिवंत साप आणायचा नाही, हा नियमही तुमचाच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे आणि साप बाळगणे किंवा त्याचे खेळ करणे हा गुन्हा आहे, हे आम्ही सगळेच इतरांना सांगत असतो. पण मांडवात चार लोक जमले की फणा काढलेला नाग दाखवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. तुम्ही त्याऐवजी सरावापुरता साप म्हणून सायकलची जुनी ट्यूब मधोमध टाकलीत. पीव्हीसी पाइपच्या एका तोंडाला काळ्या कापडाची पिशवी बांधायची, दुसरे तोंड सापाच्या पुढ्यात जमिनीलगत धरायचे आणि हुकाने त्याला हलकेच वाट दाखवायची. अंधारे बीळ समजून साप आपण होऊन आत शिरतो, त्याच्या अंगाला हात लावावा लागत नाही. मग पिशवीच्या तोंडाला पीळ देऊन ती पाइपापासून सोडवायची आणि गाठ मारायची. हा पीळ देताना नवी मुले घाई करतात आणि त्यांची बोटे पिशवीच्या कापडाला टेकतात. आपले वायरमन काका यंदा कॉलेजातल्या एका मुलाला मांडवाच्या कोपऱ्यात बसवून, त्याची बोटे पुनःपुन्हा मागे सरकवत, जेवणाची पाने मांडली जाईपर्यंत तेवढी एकच गोष्ट शिकवत होते. त्या मुलाला कोणी हसले नाही. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या ताईंनी स्वतःचा हूक त्याला देऊन टाकला. या मेळाव्याचे मोल काय, असे मला कोणी विचारले तर मी हे दोघे दाखवीन.

दुपारी वैद्यकीय अधिकारी बोलले, तेही तुम्ही स्वतः जाऊन बोलावल्यामुळे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत प्राधान्याचे स्थान दिले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढून हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे आकडे ऐकताना मांडवातले बहुतेक जण आपल्या त्या आंबा बागायतदाराकडे पाहत होते.

दसऱ्यानंतर कलमांच्या बागेत गवत कापताना त्याच्या बोटाला फुरसे चावले. जांभ्याच्या मातीत मिसळून जाणारा तो वीतभर-दीड वीत साप गवताच्या बुडाशी दिसत नाही आणि अंगाचे खवले घासून तो करतो ती खरखर कोयत्याच्या आवाजात ऐकू येत नाही. फोन लागताच तुम्ही त्याला पहिल्यांदा अंगठी काढायला लावलीत, हात बांधू दिला नाहीत, चिरा पाडू दिला नाहीत, दंशाची वेळ कागदावर लिहून ठेवलीत आणि तो बागेतून रस्त्यावर येईपर्यंत रिक्षा तिथे उभी केलीत. रुग्णालयात त्याचे रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवले आणि नळी कलती केली, तेव्हा ते पाण्यासारखे वाहिले, गोठलेच नव्हते. त्यानंतर लगेच प्रतिविष सुरू झाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते हे खरे, पण ते रुग्णालयातच मिळते, आणि तिथवर वेळेत पोचवायला माणसे लागतात.

पुढचे दिवस कोणी सांगितले नसताना माणसे येत राहिली. रात्रीची सोबत कोणी करायची, डबा कोणाकडून जायचा, त्याच्या म्हशीची धार कोण काढणार, हे सगळे तुमच्या त्या नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहिलेले आहे. पुढच्या पानांवर तारीख, गाव, सापाची जात, कुठे सापडला, कुठे सोडला, अशा नोंदी असतात आणि त्याखाली वनरक्षकांची सही. वनविभागाला त्या पुढच्या पानांचा उपयोग होतो. आम्हाला दोन्ही बाजूंचा होतो.

काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे आणि सोलकढी यांबद्दल वेगळे आभार मानले तर तुम्ही रागवाल, म्हणून एवढाच उल्लेख करतो.

एक निर्णय मात्र तुम्हाला न विचारता घेतला आहे, तो येथे कळवतो. यंदाच्या मृगापासून रात्री दहा ते पहाटे सहापर्यंतचा फोन मंडळातील सदस्य पाळीपाळीने घेतील. पाळ्यांचा तक्ता तयार आहे आणि तुम्ही विचारता ते सगळे प्रश्न, तुमच्याच क्रमाने, त्याच्या पाठीमागे उतरवले आहेत. त्यात काही राहिले असल्यास सुधारून द्यावे. दिवसाचा फोन तुमच्याकडेच असू द्यावा ही विनंती, कारण त्याबाबतीत आमच्यापैकी कोणालाही अजून तुमची सर येत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मंडळातील एक सर्पमित्र