कपाटं उघडण्याआधी

बडोदे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. वाचनालयाचा कार्यवाह झालास आणि पहिलाच ठराव मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक निवडायचा, मांडलास, हे वाचून फार आनंद झाला. ‘पुस्तकं चोरीला जातील’ म्हणून जुने सभासद अडवताहेत, असं लिहिलंस. त्यांची भीती खोटी नाही, फक्त ती कुठून आली हे समजून घे.

रत्नागिरीत 1828 साली ग्रंथालय निघालं आणि पुण्यात 1848 साली लोकहितवादींच्या पुढाकाराने निघालं, तेव्हा छापील मराठी पुस्तकं मोजकी होती आणि पैसा वर्गणीदारांचा होता. पुढे 1893 मध्ये वि. ल. भाव्यांसारख्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं ते मराठी पुस्तकं जमवून जतन करण्यासाठी. तिथे कुलूप शोभतं. दुर्मीळ संग्रहाची ती शिस्त आपण रोजच्या कादंबऱ्यांनाही लावली, आणि तिथेच वाचक काउंटरच्या अलीकडे अडकला.

बडोद्यात विचार दुसऱ्या टोकाकडून झाला. सयाजीरावांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळा सुटल्यावर पोरं अक्षर विसरली तर सगळा खर्च पाण्यात, म्हणून 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डन यांना बोलावलं. महाराजांच्या खासगी संग्रहातली सुमारे 20,000 पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाली. खेड्यातल्या वाचनालयाचा खर्च गाव, पंचायत आणि सरकार यांनी तिघांत वाटून घ्यायचा. जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं जात. ग्रंथालय हे शाळेच्या पुढच्या इयत्तांचं काम करतं, हे इतक्या स्वच्छपणे आपल्याकडे आधी कुणी मांडलं नव्हतं, असं मला वाटतं.

आता तुझ्या कपाटांकडे येतो. सध्या पुस्तकं दाखल क्रमांकाने, म्हणजे ज्या क्रमाने आली त्या क्रमाने, लावली आहेत, म्हणजे 4,211 ला पाककृती आणि 4,212 ला शिवचरित्र. शिपायाला हे सोयीचं, वाचकाला निरर्थक. नुसती दारं उघडलीस तर आठवड्यात गोंधळ होईल आणि सगळे म्हणतील, ‘बघा, सांगत होतो.’ म्हणून आधी विषयवार वर्गवारी कर. प्रत्येक विषयाला अंक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा अंक 891.46, त्यात कविता 891.461, नाटक 891.462, कादंबरी-कथा 891.463. पण तुझा निम्मा साठा कथा-कादंबऱ्यांचा, त्या प्रत्येकीवर 891.463 लिहून काय साधणार? तिथे नुसतं ‘का’ आणि आडनावाची पहिली दोन अक्षरं पुरेत. अंक इतर विषयांसाठी ठेव, तेही दशांशानंतर दोन स्थळांपर्यंतच.

टोपणनावांचा निर्णय पहिल्याच दिवशी घे. कुसुमाग्रजांची कविता एका जागी आणि वि. वा. शिरवाडकरांची नाटकं दुसऱ्या, असं चालेल. पण तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, दोन्ही नावांखाली ‘हेही पहा’ अशी नोंद हवी. नाही तर दोन कर्मचारी दोन तऱ्हेने लावतील आणि पुस्तक असून सापडणार नाही.

वर्गांकाची चिठ्ठी पुस्तकाच्या पाठीवर, तळापासून 3 सेंमीवर, सगळ्या पुस्तकांना एकाच उंचीवर. वरून सेलोटेप लावू नकोस. दोन-तीन उन्हाळ्यांत ती पिवळी पडते, डिंक पाझरतो आणि शेजारच्या पुस्तकाला चिकटतो. कवितासंग्रहांची पाठ बारीक असते, तिथे मुखपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात, पाठीलगत लाव. फळी दोन-तृतीयांशच भर. गच्च भरलेल्या फळीतून वाचक पुस्तक वरच्या टोकाला बोट घालून ओढतो आणि बांधणी नेमकी तिथेच उसवते. रॅक भिंतीपासून वीतभर पुढे हवेत, पावसाळ्यात ओल पकडते ती मागूनच.

सगळ्यात महत्त्वाचं: वाचकाने पुस्तक परत फळीवर ठेवायचं नाही. प्रत्येक रांगेच्या टोकाला एक टेबल ठेव, ‘पाहून झालेली पुस्तकं इथे’ अशी पाटी लाव. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. रोज सकाळी अर्धा तास ती टेबलं रिकामी करायची आणि दोन फळ्या ओळीने तपासायच्या.

देवघेवीला अजून कार्डंच आहेत ना? मग पुस्तक परत घेताना कार्डावरचा आणि पुस्तकावरचा दाखल क्रमांक ताडून बघायला सांग. एकाच कादंबरीच्या दोन प्रती असल्या की कार्डं हटकून अदलाबदल होतात, आणि पुस्तक परत दिलेल्या माणसाला दंडाची नोटीस जाते. असा दुखावलेला वाचक पुन्हा येत नाही.

चोरीचं म्हणशील तर केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांतच वर्षाला देवघेव झालेल्या किंवा वाचायला घेतलेल्या दर 1,000 पुस्तकांमागे 5 पुस्तकांची घट वाजवी धरली आहे. तुझी देवघेव 8,000 ची असेल तर 40. हा आकडा सभेपुढे ठेव. 20,000 पर्यंतच्या साठ्याची पूर्ण मोजदाद दरवर्षी करावी, असंही तेच नियम सांगतात. ती चुकवू नकोस. जुने, दुर्मीळ ग्रंथ मात्र कुलपातच राहू देत.

अभ्यासिकेची मागणी येणारच, स्पर्धा परीक्षेची मुलं सगळीकडे जागा शोधताहेत. त्यांना जरूर जागा दे, पण वेगळ्या खोलीत. वाचनकक्षात दिवसभर खुर्च्या अडल्या की वर्तमानपत्र वाचायला येणारे आजोबा दारातूनच परत फिरतात.

सुरुवात बालविभागापासून कर. पुस्तकं थोडी, आणि मुलं कपाट उघडं बघितलं की थांबत नाहीत. पहिल्या दोन कपाटांची यादी झाली की पाठव, वर्गांक तपासून देतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
अनंत