फोन का उचलत नाही ते

प्रिय मित्रा,

“साहेब झालास, आता फोनही उचलत नाहीस,” असं तू लिहिलंस. वाचून हसूच आलं. ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आणि ड्यूटी सुटते तेव्हा तू गाढ झोपलेला असतोस.

हॉटेलात माझी ब्रेक शिफ्ट चालू आहे. सकाळी सात ते अकरा, मग संध्याकाळी सहा ते रात्री अकरा. कागदावर नऊ तास. मधला वेळ म्हणे आमचा. पण त्यात खोलीवर जायचं, युनिफॉर्मला इस्त्री करायची, जरा डोळा लागतोय तोवर उठून पुन्हा दाढी. दिवसातून दोनदा दाढी करणारा माणूस पाहिलायस कधी? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९१ मध्ये खास हॉटेल कामगारांसाठी करार केला. सोबतच्या शिफारशीत अशी तुकड्यातुकड्यांची पाळी हळूहळू बंद करावी असं म्हटलंय. ‘हळूहळू’ हा शब्द मात्र आमच्याकडे फार मनावर घेतलाय.

याच संघटनेनं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं, की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५-४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त असतो. सहा दिवसांचे माझे चोपन्न होतात. म्हणजे एका तासानं वाचलो. अर्थात डबल शिफ्ट लागली नाही तर.

तासांचं मी सोसतो रे. रानातही आपण कमी राबलो नाही. पण तिथं दमलं की बांधावर बसता यायचं, तोंड पाडलं तरी कुणी विचारत नव्हतं. इथं चेहरासुद्धा युनिफॉर्ममध्ये धरतात. बाबांना दवाखान्यात हलवल्याचं ब्रेकमध्ये कळलं, आणि त्याच रात्री मी एका टेबलाजवळ उभा राहून वाढदिवसाच्या टाळ्या वाजवत होतो. पाहुणे फार खूश झाले.

त्यातून ती भाषा. पाहुणा भराभर बोलतो, मी आधी मनात मराठी करतो, मग उत्तर जुळवतो, मग हसतो. या कष्टाचा हिशेब रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्यात, नसतो. आई म्हणते, एसीत काम, तुला कसला त्रास? मी पण “मजेत आहे” म्हणतो. तिला काय सांगणार?

मागच्या महिन्यात ताण घालवायचं शिबिर ठेवलं होतं. आमच्या ब्रेकमध्येच! श्वास सोडा म्हणाले, मी घोरायला लागलो.

पगारवाढ नंतर दिली तरी चालेल, पण रोस्टर पंधरा दिवस आधी लावा, एवढंच आम्ही चौघांनी मॅनेजरना लेखी दिलंय. सध्या शनिवारी रात्री कळतं की सोमवारची सुट्टी गेली. तुझ्या पेरणीला येतो म्हणून दोनदा शब्द दिला आणि मोडला, तो असा. अजून उत्तर नाही, पण कागद परतही आलेला नाही.

या मंगळवारी सुट्टी आहे, निदान आत्तापर्यंत तरी. दुपारी फोन कर. उचलल्या उचलल्या “गुड आफ्टरनून, मी आपली काय मदत करू?” असं तोंडातून निघालं, तर शिव्या घाल, पण ठेवू नकोस.

तुझाच,
मी