चेप्पंडी, सार

सोलापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

आधी शिव्या घालून घे. सात महिने झाले, तुझं पुस्तकांचं पार्सल आलं आणि मी ‘मिळालं’ एवढंही कळवलं नाही. तब्येत ठीक. आईचे गुडघे तसेच.

आज लिहितोय कारण मी मामाला दुखावलंय. कुठला मामा ते तुला सांगायला नको.

मालकांनी दिवाळीनंतर मागांची अख्खी शेड माझ्या ताब्यात दिली. डोक्यात तुझी पुस्तकं ताजी होती, त्यात तुझ्या पेन्सिलीच्या रेघा. (पान दुमडतोस अजून, गाढवा.) त्या हॉफस्टेडनं एकाच कंपनीच्या देशोदेशींच्या शाखांतून एक लाख सोळा हजारांवर प्रश्नावल्या गोळा केल्या आणि 1980 साली देशांना आकडे लावले. साहेबाशी मतभेद असला तर बोलून दाखवायला माणसं किती कचरतात, हा त्यातला एक मोठा प्रश्न. आकडा मोठा तेवढा वरच्याचा धाक जास्त. भारत 77, तुमचं हॉलंड 38. तू समासात लिहिलंयस, ‘आपण असेच!’ वाचून डोकं फिरलं. आपण म्हणजे कोण रे? एका शेडमध्ये तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी चालतं, त्या सगळ्यांना मिळून एकच 77? आणि 1930 साली मार्शल लॉ ओढवून घेणारं गाव हे, ते वरच्याला घाबरतं?

पण हॉफस्टेड बुवा मला आवडला. इंजिनियर होऊन आधी कारखान्यात साधा कामगार म्हणून राबलेला माणूस आहे.

तर झालं असं. टॉवेलचे काठ ओढले जात होते, माल परत आला. मी ठरवलं, ओरडायचं नाही, विचारायचं. पाळी बदलताना सगळ्यांना बसवलं, मीही खाली फरशीवर बसलो आणि म्हणालो, चूक कुठं होतेय, तुम्हीच सांगा. कोणी बोलेना. एकजण बोटाला चिकटलेला चुना बघत होता, तंबाखूचा. शेवटी मामा मागून त्याच्या तेलुगूत म्हणाला, “नुव्वे चेप्पु रा, तूच सांग रे, साहेब झालायस ना!” आणि हशा पिकला.

बंड्या, ती चेष्टा होती. आपल्याला दहावीच्या सुट्टीत गाठ मारायला शिकवताना बोटांवर कंगवा मारायचा ना, त्याच सुरातली. पण मला तिथं, सगळ्यांसमोर, नवीन साहेबाला ती झोंबली. मी म्हणालो, “मामा, वय झालंय तुमचं, गप बसा.”

तो गप बसला.

दुसऱ्या दिवशी वेळेवर आला. मी विचारलं, चार नंबरचा माग कसा चाललाय? तर मान खाली घालून म्हणाला, “चेप्पंडी, सार.” ‘नुव्वे’चं ‘अंडी’ झालं, ‘तू सांग’चं ‘तुम्ही सांगा’. एका रात्रीत. तुमच्या त्या प्रश्नावलीत हे कुठं बसतं सांग. शेडमध्ये माझ्या तोंडावर बोलणारा एकच माणूस होता, त्याचं तोंड मीच बंद केलं. 77 आकाशातून पडत नाही, माझ्यासारखे तो तयार करतात.

त्या रात्री पाटण्याच्या मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हांचं वाचलं. त्यांचं म्हणणं, इकडचा माणूस आधी मायेचा हात शोधतो, त्या हातानंच कामही कडक करून घ्यायचं, आणि माणूस तयार झाला की हळूहळू लगाम त्याच्या हातात द्यायचा. वाचताना डोळ्यांसमोर कोट घातलेला कुणी येईचना, कंगवा घेतलेला मामाच येत होता. माया नाही, ओळख नाही, आणि मी सरळ फरशीवर बसून लगाम वाटायला निघालो होतो. पोरांना वाटलं असणार, ह्याला येत नाही म्हणून विचारतोय.

आणि दुसऱ्या जाडजूड ग्रंथातली, 62 समाजांतल्या सतरा हजार मधल्या फळीच्या साहेबांना विचारलेली ती गंमत. आपलेही साहेब म्हणतात, सध्या उतरंड फार आहे, असायला हवी कितीतरी कमी. सातापैकी आज पाचाच्या वर, हवी तिनाच्या खाली. मीही प्रश्नावलीत तेच लिहिलं असतं रे! खरं सांगतो, मनापासून लिहिलं असतं.

तू हसशील. पार्कच्या मैदानावर बॅट तुझी म्हणून तू तीन वर्षं कॅप्टन होतास आणि मला कायम थर्ड मॅनला उभं केलंस. ते मी विसरलेलो नाही. तुला पुस्तकं पाठवायचा नैतिक अधिकारच नाही.

काठ सरळ झालेत. परवा रात्रपाळीत गेलो तर मामा एकटाच चार नंबरच्या बीमपाशी वाकलेला, ताणा चाचपत होता. मी उभा राहिलो. त्यानं पाहिलं, उठून बाजूला झाला, मला जागा करून दिली. मला तिथं काय करायचं तेही कळत नव्हतं. बीमकडं बघत राहिलो, मग निघून आलो.

घरी जाऊ का? नुसतं गेलो तर मामी चहा देईल, तो समोर बसेल, ‘सार’ म्हणेल. माफी मागितली तर आणखी अवघडेल. तुझे बाबा असते तर त्यांना पुढं घातलं असतं, दोघं एकाच मिलचे. तू फोन करशील त्याला? माझं नाव न काढता. नाही, काढलंस तरी चालेल.

तुझी नवी नोकरी कशी आहे? पोरगी मराठी बोलते का? वहिनींना नमस्कार. शेंगाचटणी दोन किलो पाठवतोय, यंदा तिखट जरा जास्त झालंय.

तुझा,
पक्या

ता. क. मामाचा नंबर बदललाय, वेगळा कळवतो. तिकडच्या दुपारी कर, इकडं तेव्हा पाळी सुटते.