रेडियम आधी घोट्याला बांधा

संपादक महोदय,

पौषात नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो. पायी चालणारी माणसे मात्र साडेपाचपासूनच रस्त्यावर असतात. गंगापूर रोड आणि कृषिनगरकडे फिरायला निघालेली मंडळी, सातपूर-अंबडची सात वाजताची पाळी गाठणारे कामगार, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांकडे निघालेल्या मजूर बाया आणि पौष वद्य एकादशीच्या आधी निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरकडे चाललेल्या दिंड्या. थंडी म्हणून अंगावर काळे जर्किन, करडी शाल, चॉकलेटी कानटोपी. अंधारात मिसळून जायला याहून चांगला वेश सापडणार नाही.

गाडीचे दिवे डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेले असतील तर असा माणूस चालकाला जेमतेम 50 मीटरवर दिसतो. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर कापते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे 25 मीटर गेले. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी 20 ते 25 मीटर लागतात. टायर गुळगुळीत असतील, काचेवर दव असेल किंवा चालकाची एक डुलकी झाली, की हिशेब तिथेच संपतो. तोच माणूस चांगला रिफ्लेक्टर लावून चालला तर डिपरवरच सव्वाशे-दीडशे मीटरवरून चमकतो, अपरवर, म्हणजे लांबच्या झोतात, त्याहून कितीतरी लांबून. फिनलंडमध्ये हिवाळ्यात दुपारीच अंधारून येते. तिथे अंधारात चालणाऱ्याने रिफ्लेक्टर लावावा, असे वाहतुकीच्या कायद्यातच आहे. तो कोटाच्या खिशातून दोरीने गुडघ्याच्या उंचीवर लोंबता ठेवतात. छातीवर न लावता इतका खाली ठेवण्यामागे कारण आहे.

डिपरचा झोत मुद्दाम खाली, रस्त्यावर टाकलेला असतो. लांबच्या माणसाच्या पायांवर तो आधी पडतो, छातीवर उशिरा. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे. छातीवरचा स्थिर पट्टा चालकाला मैलाचा दगड वाटू शकतो, उभी ट्रॉली वाटू शकते. घोट्यावरचे दोन पट्टे चालताना आळीपाळीने पुढे-मागे होतात आणि ती चाल माणसाचीच आहे हे डोळ्याला क्षणात कळते. म्हणून जाकीट घ्यायला हरकत नाही, पण एकच वस्तू घ्यायची असेल तर घोट्याच्या पट्ट्यांची जोडी घ्या. नंतर मनगटे, मग जाकीट.

आता ‘रेडियम’विषयी. आपण चमकणाऱ्या कशालाही रेडियम म्हणतो आणि फसगत इथूनच सुरू होते. नंबरप्लेटच्या दुकानातला भडक पोपटी कागद दिवसा आणि तिन्हीसांजेला डोळ्यांत भरतो, कारण तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर चालतो. हेडलाइटसमोर त्यातले पुष्कळसे कागद फिके पडतात. खऱ्या रिफ्लेक्टरमध्ये काचेचे बारीक मणी किंवा प्लॅस्टिकचे सूक्ष्म लोलक असतात आणि ते प्रकाश जिकडून आला तिकडेच परत धाडतात. त्यामुळे तुमच्या शेजारून चालणाऱ्याला तो पट्टा मळकट राखाडी दिसतो आणि गाडीतल्याला लख्ख. ‘हा तर चमकतच नाही’ म्हणून चांगला पट्टा दुकानात परत ठेवणारे लोक कमी नाहीत.

पारख सोपी आहे. दुकानाच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली अंधार गाठा. पट्टा दहा-बारा पावलांवर ठेवा. मोबाइलचा टॉर्च लावून फोन कानशिलाला, डोळ्याच्या अगदी बाजूला धरा. खरा पट्टा पेटल्यासारखा दिसेल. तोच फोन हात लांब करून बाजूला न्या, चमक झपकन उतरेल. दोन्ही ठिकाणी सारखाच दिसला तर तो नुसता चंदेरी कपडा आहे. रंग चंदेरी-पांढरा किंवा पिवळसर पोपटी घ्या. लाल पट्टा प्रकाश कमी परतवतो आणि ट्रकच्या मागे तोच रंग असल्याने गोंधळही होतो. ट्रकचा टेप कपड्याला चिकटवू नका. त्याचा गोंद पत्र्यासाठी असतो, कापडावरून तो दोन-चार दिवसांत सुटतो.

पट्टे घरी करायचे तर कापडी पाठीचा, दोन इंच रुंदीचा शिवायचा टेप मागा. सातपूर-अंबडला सेफ्टी शूज आणि हेल्मेट विकणाऱ्या दुकानांत तो मीटरवर मिळतो. एका पायासाठी 35 ते 40 सेंटिमीटर लांबीचे रुंद इलॅस्टिक घ्या, त्यावर टेप ठेवून दोन्ही कडांपासून दोन-तीन मिलिमीटर आत शिवण मारा आणि टोकांना पाच सेंटिमीटर वेलक्रो लावा. इलॅस्टिक ताणून शिवू नका, सोडल्यावर टेपला चुण्या पडतात आणि मणी गळतात. मधून आडव्या शिवणीही नकोत, सुईचे प्रत्येक छिद्र चमक खाते. पट्टा पँटवरून, घोट्याच्या वर चार बोटांवर येऊ द्या. नऊवारी किंवा धोतर असेल तर सरळ उघड्या पायावर बांधा, मऊ इलॅस्टिक काचत नाही. पाचवारीचा काठ मात्र पट्ट्यावर पडतो, तिथे मनगटालाही हवा. हाताने, साध्या साबणाच्या पाण्यात धुवा. ब्लीच आणि इस्त्री वर्ज्य. धूळ-चिखल रोज ओल्या फडक्याने पुसा, कारण खडीच्या धुळीचा पातळ थर बसला तरी निम्मे काम जाते. पट्टा काळवंडला, सोलपटला की तीच टॉर्चची परीक्षा पुन्हा घ्या.

बाकी चुका साध्याच. जाकिटावर शाल पांघरणे, पाठीवरच्या सॅकने मागचा पट्टा झाकणे, फक्त छातीवर लावणे आणि पाठ कोरी ठेवणे. शाळेच्या पोरांच्या दप्तराच्या तळाशी एक आडवी पट्टी शिवली तर पाठीचा प्रश्न मिटतो.

रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नाही, हे मात्र विसरू नये. समोरून दिव्याविना ट्रॅक्टर किंवा सायकल आली तर तो निरुपयोगी. गोदाकाठच्या दाट धुक्यात प्रकाशाला जाताना आणि परतताना, दोनदा धुके कापावे लागते, म्हणून तिथे पट्टा फार जवळून दिसतो. समोरासमोर दोन गाड्या अपरवर आल्या तर मधल्या झगमगाटात पट्टाही हरवतो. यावर उपाय दोन. हातात छोटा टॉर्च, झोत पायांपुढे जमिनीवर, चालकाच्या तोंडावर नाही. आणि पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून एकामागे एक चालणे. तिघी-चौघी गप्पा मारत ओळीने चालल्या की कडेची एक डांबरावर येतेच.

दिंड्यांचे गणित वेगळे. त्या डाव्या बाजूने चालतात, गाड्या पाठीमागून येतात आणि चालकाला दिसते ती शेवटची रांग. दोनशे वारकऱ्यांना जाकिटे वाटण्याइतका निधी नसतो, म्हणून काहीच होत नाही, असे पुष्कळदा घडते. दोनशेंची गरजही नाही. शेवटच्या दोन रांगा, रस्त्याकडच्या बाजूने चालणारे आणि पुढचे पताकावाले एवढ्यांना घोट्याचे पट्टे दिले की दिंडीची लांबी-रुंदी चालकाला कळते. पताकांच्या काठ्यांना खालच्या दोन फुटांत टेप गुंडाळावा, रथाच्या चाकांच्या आऱ्यांना आणि बैलांच्या मागच्या पायांनाही. पट्टे यात्रेनंतर गोळा करून पुढच्या वर्षी वापरता येतात.

त्र्यंबक रस्त्यावर दिंड्यांना चहा-फराळ देणाऱ्या मंडळांनी यंदा फराळाच्या टेबलाशेजारी एक खोके या पट्ट्यांचे ठेवावे आणि शेवटच्या रांगेतल्यांना बांधूनच पुढे सोडावे. दिंडीचा सामानाचा टेम्पो बहुधा पुढच्या मुक्कामी आधीच निघून जातो. उजाडेपर्यंत तरी तो दिंडीच्या मागे, वीसेक पावले अंतर ठेवून, चारही इंडिकेटर लावून चालावा.

आपले,
रस्ता सुरक्षेचे काम करणारे काही नाशिककर