आईचा पुढचा इको

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, "मागच्या वेळी ६२ होते, आता ५८ वर आलंय," हे आईच्या इकोतलं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतलं, पंपिंग सांगताना तुमचा आवाज पडला होता. जन्मभर पेपर तपासलेत, म्हणून तो आकडा तुम्हाला गुणांसारखा वाटला असावा. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी ५८ टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर जातं, एवढाच त्याचा अर्थ. धडधाकट माणसाचंही साधारण ५५ ते ७० असतं, आणि चार अंकांचा फरक नुसत्या मोजण्यातही पडतो.

आई, तू म्हणतेस, दोन जिने चढते, दम लागत नाही, मग पुन्हा इको कशाला? अगं, दम लागेपर्यंत थांबायचंच नाहीये. पहिल्या चार केमोंमधलं ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, हृदयाच्या पेशींना इजा करू शकतं. आता दर तीन आठवड्यांनी मिळणारं ट्रास्टुझुमॅब कॅन्सरच्या गाठीतल्या ज्या हर-टू प्रथिनाला अडवतं, तेच प्रथिन हृदयाच्या पेशींना ताण सोसायला लागतं. म्हणून दर तीन महिन्यांनी इको. ट्रास्टुझुमॅबचा परिणाम वेळेत कळला तर बहुतेकदा भरून येतो. लाल औषधाचं तसं नाही, तिथे लवकर कळणं फार मोलाचं. मिलानच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये अशा लाल औषधांच्या २,६२५ रुग्णांचा अभ्यास छापला. हृदयावर परिणाम झालेल्या जवळजवळ सगळ्यांचा तो केमोनंतरच्या पहिल्या वर्षातच इकोत दिसला, आणि लगेच हृदयाच्या गोळ्या सुरू केल्यावर त्यांतल्या ८२ टक्क्यांचं हृदय पूर्ण किंवा काही अंशी सावरलं. तुझं ते पहिलं वर्ष अजून सरायचंय.

खरं कारण तू परवा हळूच सांगितलंस. डाव्या कुशीवर झोपवून, छातीवरच्या ऑपरेशनच्या जागेवरच दाबतात, आणि खोलीत परका पुरुष असतो. बाबांनाही हे कळू दे. मी फोन करून बाई डॉक्टरांची वेळ मागितली आहे, मशीन तेच ठेवा म्हणाले, म्हणजे आकडे ताडून बघता येतील. दुखलं तर तिथल्या तिथे सांग, त्यांना जागा थोडी बदलता येते. बाबा, जुने दोन्ही रिपोर्ट बरोबर घ्या आणि स्ट्रेनही, म्हणजे ठोक्यागणिक हृदयाचा स्नायू किती आकसतो तेही, मोजाल का, असं विचारा. पंपिंग उतरायच्या आधी तो उतरतो.

मी शुक्रवारी रात्री पोचते. इकोला उपाशी राहावं लागत नाही, आई. पोहे खाऊनच निघू.

तुमची,
माई